न चालता मोजलेली वाट

वृत्तांवरचे संस्कृत ग्रंथ वाचणारे बहुतेक जण शेवटच्या अध्यायापाशी पुस्तक मिटतात. लघु-गुरू झाले, गण झाले, इंद्रवज्रा-मंदाक्रांतेची लक्षणे झाली. त्यानंतर येते ते रुक्ष गणित. मला मात्र गेली कित्येक वर्षे तोच अध्याय ओढून घेतो. ह. दा. वेलणकर यांनी १९४९ मध्ये मुंबईत प्रसिद्ध केलेल्या ‘जयदामन्’ या संग्रहात केदारभट्टाचा ‘वृत्तरत्नाकर’ आहे, आणि त्याच्या अखेरीस सहा प्रश्नांची एक मालिका आहे. तिला षट्प्रत्यय म्हणतात. आजकाल क्वांटम संगणकाबद्दल काही वाचले की मला हे सहा प्रश्न आठवतात, आणि बातमीत नेमके काय सांगितले आहे आणि काय गाळले आहे, ते त्यांच्या आधाराने ताडून पाहता येते.

पहिला प्रत्यय प्रस्तार. समजा, चार अक्षरांचा चरण आहे. प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरू. तर असे किती प्रकारचे चरण होतील, ते सगळे एकाखाली एक ठरलेल्या क्रमाने मांडायचे. दुसरा प्रत्यय नष्ट: प्रस्तारातली अमुक क्रमांकाची ओळ पुसली गेली, तर सगळा प्रस्तार पुन्हा न मांडता ती कशी मिळवायची? तिसरा उद्दिष्ट: ओळ हाती आहे, तिचा क्रमांक कोणता? चौथा लगक्रिया: एक गुरू असलेल्या ओळी किती, दोन गुरू असलेल्या किती, तीन असलेल्या किती? पाचवा संख्या: एकूण ओळी किती? आणि सहावा, ज्याच्याकडे फारसे कोणी बघत नाही, तो अध्वयोग. अध्व म्हणजे वाट. हा सगळा प्रस्तार जमिनीवर लिहायचा ठरवला तर किती लांबीची जागा लागेल? हिशेब सोपा आहे. एका ओळीला एक अंगुळ, दोन ओळींच्या मध्ये एक अंगुळ मोकळे. म्हणजे संख्येची दुप्पट करून एक वजा करायचा.

चार अक्षरांच्या १६ ओळी होतात, त्यांना ३१ अंगुळे पुरतात. दाराच्या उंबऱ्याशी मावतील. शार्दूलविक्रीडिताच्या चरणात १९ अक्षरे असतात. एकोणीस अक्षरांच्या सगळ्या ओळी मांडायच्या तर त्या होतात ५,२४,२८८, आणि वाट होते १०,४८,५७५ अंगुळांची. अंगुळ साधारण पाऊण इंचाचे धरले तर ही वाट सुमारे वीस किलोमीटर भरते. वृत्तशास्त्राचे ग्रंथ नेहमीची मोजणी २६ अक्षरांपर्यंत नेतात. तिथवर गेलो तर वाट अडीच हजार किलोमीटरच्या पुढे जाते.

आता संख्या पाहू. पिंगलाच्या छंदःसूत्रात, म्हणजे दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, ती काढण्याची रीत दिली आहे. अक्षरसंख्या सम असेल तर निम्मी करा आणि एक खूण करा; विषम असेल तर एक वजा करा आणि वेगळी खूण करा; ही वेगळी खूण म्हणजे शून्य. शेवटी उलट्या दिशेने येत निम्मेपणाच्या खुणेला वर्ग करायचा आणि शून्याच्या खुणेला दुप्पट. एकोणिसासाठी अशी सात पावले होतात: १९ वरून १८, मग ९, ८, ४, २, १ आणि शेवटी काही नाही. सात पावलांत ५,२४,२८८ हे उत्तर मिळते. वीस किलोमीटरची वाट आणि सात पावले. ज्यांनी संख्येच्या शेजारी अध्व हा वेगळा प्रत्यय ठेवला, त्यांना हा फरक दिसत होता, असे मानायला हरकत नाही. मोजणे म्हणजे एकेक ओळ पाहत जाणे नव्हे. मोजण्याच्या वस्तूंत काही घडण असेल तर वाट न चालताही तिची लांबी सांगता येते.

यावरून आपल्या पूर्वजांना आजचा संगणक ठाऊक होता, असा अर्थ कोणी काढू नये. त्यांना माहीत होता तो प्रश्न, आणि माझ्या लेखी तेवढा मान पुरेसा आहे.

हाच प्रश्न भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही आहे. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या या ग्रंथाच्या शेवटी अंकपाश नावाचे प्रकरण येते. त्यात एक उदाहरण आहे: शंभूच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य या दहा वस्तू आलटून पालटून दिल्या तर मूर्तीचे किती भेद होतील? पुढे चार हातांच्या हरीसाठीही तेच विचारले आहे: गदा, चक्र, कमळ आणि शंख. हरीचे भेद २४, शंभूचे ३६,२८,८००. उत्तर फक्त गुणाकाराने मिळते: पहिल्या हातासाठी दहा पर्याय, दुसऱ्यासाठी नऊ, तिसऱ्यासाठी आठ. एकही मूर्ती घडवावी लागत नाही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने यादव राजा सिंघणाच्या काळात मठ स्थापन केला. चाळीसगावजवळच्या पाटण इथला त्याचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला, आणि त्यातला देणग्यांचा तपशील जुन्या मराठीत आहे. हिशेबाची भाषा आणि लोकांची भाषा त्या दगडावर शेजारी शेजारी उभ्या आहेत.

शंभूच्या या उदाहरणात मी एक बारीक बदल करतो. समजा, प्रत्येक हात प्रत्येक वस्तू धरू शकत नाही. पहिल्या हाताला त्रिशूळ किंवा डमरूच चालतो, दुसऱ्याला सर्प, पाश किंवा बाण, तिसऱ्याला धनुष्य सोडून काहीही, असे दहाही हातांचे आपापले नियम आहेत. आता मूर्तीचे भेद किती? साधा गुणाकार इथे उपयोगी पडत नाही, कारण पहिल्या हाताने काय घेतले त्यावर दुसऱ्याला किती पर्याय उरतात हे ठरते. दहा हात आणि दहा वस्तूंचा चौकोनी तक्ता काढावा. चालत असेल तिथे १, चालत नसेल तिथे ०. मग प्रत्येक ओळीतून आणि प्रत्येक स्तंभातून एकेकच घर निवडत जायचे, निवडलेल्या घरांचा गुणाकार करायचा, आणि अशा सगळ्या निवडींची बेरीज करायची. या बेरजेला गणितात पर्मनंट म्हणतात. १८१२ साली बिने आणि कोशी या फ्रेंच गणितज्ञांच्या लेखनात ती आली. तिची सख्खी बहीण म्हणजे महाविद्यालयात सगळ्यांनी सोडवलेला निश्चयक. दोन्हींचे सूत्र एकच, फरक एवढाच की निश्चयकात निम्म्या पदांना ऋण चिन्ह असते.

या एका चिन्हामुळे दोन बहिणींची नशिबे पार वेगळी झाली. शंभर ओळींचा निश्चयक काढायला काही लाख गुणाकार पुरतात, कारण ऋण चिन्हामुळे ओळीतून ओळ वजा करता येते आणि तक्ता हळूहळू रिकामा होत जातो. पर्मनंटला ही सोय नाही. हर्बर्ट रायसर यांनी १९६३ मध्ये दिलेले सूत्र वापरले तरी शंभर ओळींसाठी सुमारे १ वर ३० शून्ये इतकी पदे बेरजेत घ्यावी लागतात.

एक गोष्ट इथे नीट लक्षात घ्यायला हवी. ‘सगळे नियम पाळणारी एक तरी मूर्ती घडेल का?’ हा प्रश्न सोपा आहे. हंगेरीतले क्यॉनिग आणि एगरवारी यांच्या कामावरून हॅरल्ड कून यांनी १९५५ मध्ये त्याची झटपट रीत बसवली आणि तिला कृतज्ञतेने ‘हंगेरियन पद्धत’ असे नाव दिले. ‘अशा मूर्ती किती?’ हा प्रश्न मात्र अवघड राहिला. तो अवघड का, हे त्या वेळी एडिनबरो इथे असलेल्या लेस्ली व्हॅलियंट यांनी १९७९ मध्ये दाखवले. ज्या प्रश्नांचे एखादे उत्तर समोर ठेवले तर ते बरोबर आहे की नाही हे पटकन तपासता येते, त्या सगळ्या प्रश्नांची ‘उत्तरे किती?’ ही मोजणी त्यांनी एका वर्गात बसवली. त्या वर्गाचे नाव शार्प-पी. आणि ० व १ यांच्या तक्त्याचा पर्मनंट हा त्या वर्गातल्या सर्वांत कठीण प्रश्नांपैकी एक आहे, हे त्यांनी सिद्ध केले. पर्मनंट झटपट काढण्याची रीत कोणाला सापडली तर वर्गातला प्रत्येक प्रश्न झटपट सुटेल. १९९१ मध्ये सेइनोसुके तोदा यांचा निबंध आला आणि मोजणीचे बळ आणखी स्पष्ट झाले: मोजणारे यंत्र मिळाले तर ‘आहे का’, ‘प्रत्येकासाठी आहे का’, ‘प्रत्येकासाठी असे एक आहे का, की’ अशा चढत्या शिडीवरचे सगळे प्रश्न त्याच्या मदतीने सुटतात.

वाचकाला वाटेल, या मूर्ती मोजून काय मिळणार? पण शक्यता म्हणजे मोजणीच. एखाद्या शहराच्या वीजजाळ्यातल्या तारा अधूनमधून तुटतात; तरीही रुग्णालयापर्यंत वीज पोचण्याची शक्यता किती, हे सांगायचे तर किती प्रकारच्या तुटींनंतर वाट शिल्लक राहते, ते मोजावे लागते. व्हॅलियंट यांनी हाही प्रश्न त्याच कठीण वर्गात बसतो हे दाखवले. भौतिकशास्त्रात तर पदार्थाचा स्वभावच मोजणीतून कळतो: अणूंच्या किती रचना शक्य आहेत, त्यावरून तो कधी वितळेल आणि कधी चुंबक होईल हे ठरते. आणि तिथे कधीकधी पिंगलासारखी युक्ती सापडते. बुद्धिबळाच्या पटावर दोन घरे झाकणाऱ्या ३२ सोंगट्या किती प्रकारे मांडता येतील? १९६१ मध्ये पीटर कास्टेलाइन यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे टेंपर्ली व फिशर यांनी, ही मोजणी निश्चयकांच्या कुळातल्या गणितात बसवली. उत्तर १,२९,८८,८१६. पट सपाट आहे, त्याच्या रेषा एकमेकींना छेदत नाहीत, म्हणून चिन्हे हवी तशी लावता आली आणि कठीण बहिणीचे काम सोप्या बहिणीकडून करून घेता आले. घडण होती, म्हणून वाट चालावी लागली नाही.

घडण नसेल तर? मग निदान अंदाज घेता येतो. २००१ मध्ये जेरम, सिंक्लेअर आणि विगोडा यांनी दाखवले की तक्त्यातल्या सर्व संख्या धन किंवा शून्य असतील, तर यदृच्छेने फिरत, अधूनमधून नमुने घेत, पर्मनंटचा हवा तितका जवळचा अंदाज झटपट करता येतो. देवळातल्या गर्दीत प्रत्येकाला न मोजता चार कोपऱ्यांत उभे राहून आकडा बांधावा, तसे. पण तक्त्यात ऋण संख्या आल्या की ही रीत कोसळते, कारण मोठमोठ्या संख्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि उरते ती फार लहान शिल्लक. ती नमुन्यांतून दिसत नाही.

आणि निसर्गात नेमक्या ऋण संख्या आहेत. १९८१ मध्ये रिचर्ड फाइनमन यांनी एका परिषदेत भाषण दिले, ते पुढच्या वर्षी छापून आले. त्यांचा मुद्दा असा: एखादा कण इथून तिथे जाताना किती वाटांनी जाऊ शकतो त्या सगळ्या वाटांची बेरीज करावी लागते, आणि प्रत्येक वाटेला जोडलेली संख्या, जिला आयाम म्हणतात, धन असेलच असे नाही. दोन वाटा एकमेकींना पुसून टाकू शकतात. यालाच व्यतिकरण म्हणतात. कण वाढले की वाटांची संख्या प्रस्तारासारखी फुगते आणि साधा संगणक दमतो. तर मग संगणकच त्या नियमांनी चालणारा का बांधू नये? क्वांटम संगणकाच्या कल्पनेची ही एक मोठी मुळी आहे. म्हणजे हे यंत्र जन्मालाच आले ते मोजणीच्या एका अडचणीतून.

प्रत्ययांच्या भाषेत सांगायचे तर क्वांटम संगणकाने अध्वयोग मोडीत काढला. एकोणीस क्युबिट घ्या, म्हणजे लघु आणि गुरू दोन्ही एकदम असू शकतील अशी एकोणीस अक्षरे. एकोणीस साध्या क्रिया करताच ५,२४,२८८ ओळींचा सगळा प्रस्तार उभा राहतो. एक अंगुळही जमीन लागत नाही. चौसष्ट अक्षरांचा प्रस्तार जमिनीवर लिहायचा तर वाट सत्तरहून अधिक प्रकाशवर्षे लांब होईल. इथे चौसष्ट क्युबिट पुरतात. वर्तमानपत्रांत या यंत्राची जी ओळख येते ती इथे थांबते: ‘हा संगणक सगळी उत्तरे एकाच वेळी तपासतो.’

वाक्य पूर्ण करायला हवे. प्रस्तार उभा राहतो खरा, पण वाचायला गेलो की त्यातली एकच ओळ हाती येते, तीही यदृच्छेने, आणि बाकी सगळा प्रस्तार त्या क्षणी नाहीसा होतो. कोणती ओळ यावी हे सांगायची सोय नाही. आपल्या हातात एवढेच की वाचण्याआधी आयामांची अशी गुंफण करायची की नको असलेल्या ओळी एकमेकींना पुसतील आणि हव्या त्या ठळक होतील. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये मोठ्या संख्येचे अवयव पाडण्यासाठी अशी गुंफण शोधली. तिथे मुळात आवर्तन आहे, ठराविक अंतराने तेच ते परत येते. म्हणून व्यतिकरणाला धरायला काही तरी मिळाले. पुन्हा तीच गोष्ट: घडण.

जिथे घडण दिसत नाही तिथे किती मिळते, याचेही उत्तर आता नक्की आहे. आयआयटी दिल्लीत शिकलेले लव ग्रोव्हर अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये काम करत असताना, १९९६ मध्ये, त्यांनी दाखवले की क्ष ओळींच्या प्रस्तारातली एक खुणेची ओळ शोधायला क्वांटम संगणकाला क्षच्या वर्गमुळाइतकी पावले पुरतात. १९९८ मध्ये ब्रासार, हॉयर आणि टॅप यांनी हीच युक्ती मोजणीला लावली आणि तिचे नावच ‘क्वांटम मोजणी’ ठेवले: खुणेच्या ओळी किती, याचा अंदाज वर्गमुळाच्या मापाने स्वस्त झाला. आणि बेनेट, बर्नस्टाइन, ब्रासार आणि वझिरानी यांनी १९९७ मध्येच सिद्ध केले होते की आतली घडण न पाहता नुसता शोध घ्यायचा असेल तर वर्गमुळापेक्षा जास्त सवलत मिळणे शक्यच नाही.

ही सवलत लहान नाही, पण तिचे माप कळले पाहिजे. चौसष्ट अक्षरांची सत्तर प्रकाशवर्षांची वाट वर्गमुळाने आटली तर, एका पावलाला तीच दोन अंगुळे धरून, ती सुमारे १,६३,००० किलोमीटर होते. चंद्राच्या अर्ध्या वाटेइतकीही नाही. मात्र अक्षरे चौसष्टांची एकशे अठ्ठावीस करा, की क्वांटम संगणकासमोर पुन्हा सत्तर प्रकाशवर्षे उभी राहतात. पिंगलाच्या रीतीला एकशे अठ्ठावीस अक्षरांसाठी चौसष्टांपेक्षा एकच पाऊल अधिक लागते. वर्गमुळाची सवलत आणि घडण ओळखणे यांतले अंतर इतके आहे.

पर्मनंटच्या बाबतीत तर निसर्गाने एक विलक्षण थट्टा केली आहे. एकसारखे प्रकाशकण काचा-आरशांच्या जाळ्यातून सोडले, तर ते अमुक दारांतून बाहेर पडण्याची शक्यता एका तक्त्याच्या पर्मनंटवरून ठरते. म्हणजे प्रकाश प्रत्येक क्षणी तेच गणित जगतो आहे जे आपल्याला जमत नाही. मग प्रकाशालाच विचारावे! स्कॉट ॲरनसन आणि ॲलेक्स अर्खिपोव्ह यांनी २०११ मध्ये या प्रयोगाचा नीट अभ्यास केला. उत्तर बारकाईने ऐकण्यासारखे आहे. प्रकाशकण कोणत्या दारांतून बाहेर आले ते दिसते; तसे येण्याची शक्यता किती होती हा आकडा कुठेच उमटत नाही. शक्यता कळायला प्रयोग पुन्हा पुन्हा करावा लागतो, आणि शक्यता इतकी लहान असते की पुन्हा प्रस्ताराइतकीच वाट चालावी लागते. नुसते असे नमुने निर्माण करणेही साध्या संगणकाला अवघड जाईल, असे मानायला मात्र त्यांनी भक्कम कारणे दिली. २०२० मध्ये चीनमधल्या हफेइ इथल्या शास्त्रज्ञांनी ‘जिउझांग’ नावाच्या यंत्राने याच जातीच्या प्रयोगात ७६ पर्यंत प्रकाशकण टिपले. त्या यंत्राला नाव दिले आहे ते चीनच्या प्राचीन गणितग्रंथाचे. ते यंत्र पर्मनंट काढत नाही. पर्मनंटच्या कुळातल्या संख्यांनी ज्यांची शक्यता ठरते असे नमुने टाकत जाते. या दोन वाक्यांतला फरक बातम्यांत बहुधा हरवतो.

सिद्धांताची बाजूही हेच सांगते. ॲडलमन, डीमॅरे आणि ह्वांग यांच्या १९९७ च्या निबंधावरून दिसते की क्वांटम संगणक जे काही झटपट करू शकतो ते सगळे मोजणारे यंत्रही करू शकते. म्हणजे बळाच्या उतरंडीत मोजणी वर आहे, क्वांटम संगणक तिच्या पोटात. पुढे ॲरनसन यांनी दाखवले की यंत्र वाचताना हवी ती ओळ निवडण्याची मुभा मिळाली असती, तर क्वांटम संगणक मोजणीच्या बरोबरीला आला असता. निसर्ग तेवढी एकच मुभा देत नाही.

मग मोजणीच्या कामी क्वांटम संगणक निरुपयोगी का? तसेही नाही. गाठींच्या गणितात व्हॉन जोन्स यांनी १९८४ मध्ये शोधलेली बहुपदी असते. ती नेमकी काढणे शार्प-पीइतके कठीण आहे. तिचा एका विशिष्ट अर्थाने जवळचा अंदाज क्वांटम संगणक झटपट करू शकतो, हे फ्रीडमन, किताएव्ह, लार्सन आणि वांग यांच्या कामातून पुढे आले आणि २००६ मध्ये अहारोनोव्ह, जोन्स आणि लँडाउ यांनी त्याची सुटसुटीत रीत दिली. अगदी अलीकडची गोष्ट क्रोनेकर गुणकांची. १९३८ मध्ये फ्रान्सिस मर्नाहन यांनी विचारात घेतलेल्या या पूर्ण संख्या. त्या कधीच ऋण नसतात हे ठाऊक आहे, पण त्या नेमके काय मोजतात हे अजून कोणाला सापडलेले नाही. संख्या आहे, प्रस्तार नाही! पिंगलाच्या मालिकेत न बसणारा हा सातवा प्रश्न. अलीकडे ब्राव्ही, गॉसेट, हाव्लिचेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या संख्यांसाठी क्वांटम रीती दिल्या, आणि विशिष्ट परिस्थितीत त्या साध्या संगणकाला अशक्य असाव्यात असा तर्क २०२४ मध्ये मांडला गेला. २०२५ मध्ये ग्रेटा पानोव्हा यांनी त्या परिस्थितीत साध्या संगणकानेही जाता येईल अशी वाट दाखवली. क्वांटमने बोट दाखवले म्हणून कोणी तरी तिकडे नीट पाहिले आणि घडण सापडली. या देवघेवीत हरले कोणीच नाही.

हा इतिहास आज सांगण्याचे कारण आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली, ६,००३.६५ कोटी रुपयांची. मला हा खर्च योग्य वाटतो. पण पैसा लोकांचा आहे, आणि ज्या वाक्यावर तो मागितला जातो ते वाक्य अर्धे असू नये. ‘सगळी उत्तरे एकदम’ म्हणणारा प्रस्ताराविषयी बोलत असतो आणि ऐकणारा संख्या समजतो. उद्या अपेक्षा फसली की त्याच अर्धवट वाक्याच्या आधारे सगळे शास्त्रच थोतांड ठरवले जाईल, आणि तोही अन्यायच असेल. दुसऱ्या बाजूला ‘हे सगळे आमच्याकडे होतेच’ म्हणणारे आहेत. पिंगलाच्या नावाने छाती फुगवायची आणि त्याने घालून दिलेली शिस्त, प्रश्न सुटे करून विचारण्याची, सोडून द्यायची, यात पिंगलाचा मान कुठे राहिला?

शार्प-पीमधले प्रश्न खरोखर झटपट सुटणारच नाहीत, हे आजवर कोणी सिद्ध केलेले नाही. उद्या एखाद्या तक्त्यात अशी घडण सापडेल की शंभर हातांच्या शंभूचे भेद कोणी कागदावर मांडून दाखवेल. ती घडण पाहणारा डोळा क्वांटम संगणक देत नाही. तो प्रस्ताराची जागा वाचवतो, काही ठिकाणी वाट वर्गमुळाइतकी आटवतो, आणि आवर्तन असेल तिथे ते ऐकू आणतो. म्हणून नव्या यंत्राची बातमी आली की मी केदारभट्टाचेच प्रश्न तिला विचारतो. या यंत्राने प्रस्तार मांडला का? हवी ती ओळ काढून दिली का? ओळींची संख्या सांगितली का? आणि किती वाट वाचवली? चारही प्रश्नांना वेगवेगळी उत्तरे मिळाली, की बातमी समजली असे धरतो.